पाटलाच्या तळ्यातली मादी

आमच्या गावात पाटलाचा मान कशाकशाचा असतो हे सांगायला बसलं तर आषाढ सरून जाईल. होळीचा पहिला नारळ पाटलाचा, पोळ्याला वेशीतून पहिली बैलजोडी पाटलाची, लग्नातला पहिला विडा पाटलाचा. आणि तळ्यातून हातभर लांबीचा मासा निघाला, की त्याचं डोकंही पाटलाचं. धड धरणाऱ्याने खावं नाहीतर गेवराईच्या बाजारात विकावं. डोकं मात्र लिंबाच्या पाल्यात गुंडाळून, अख्खंच्या अख्खं, पाटलाच्या घरी पोचलं पाहिजे. हा मान कुणी दिला, कधी दिला, कुणालाच ठाऊक नाही. विचारायची कुणाची छातीही नाही.

बद्रीनाथ साहेबांना हे कुठून ठाऊक असणार? दुसरी मोठी लढाई लागायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. माशांच्या खात्याचे हे साहेब हैदराबादेहून आमच्या तळ्यावर आले. जातीने कायस्थ, अंगाने काटकुळे, मराठी चांगलं पण मधूनमधून उर्दू घुसलेलं. तळ्याच्या पाळीवर त्यांनी राहुटी ठोकली आणि शहादेव भोयाला म्हणाले, मोठा मासा धर. शहादेवने धरला. साहेबांनी तिथल्या तिथे सुरीने त्याची कवटी उघडली, मेंदू बाजूला सारला आणि चिमट्याने बाजरीच्या दाण्याएवढं काहीतरी उचलून काचेच्या कुपीत टाकलं.

शहादेवच्या हातातलं जाळंच गळालं. "साहेब, काय केलं हे! पाटलाचा मान फोडला तुमी!"

साहेब हसले. तासाभराने पाटलाचा सांगावा आला तेव्हा हसायचे थांबले.

अर्जुनराव पाटील म्हणजे दांडगा माणूस. मिशा, पटका, कमरेला चांदीचा करदोडा, आणि आवाज असा की शिवारातली बैलं थांबावीत. त्यांनी साहेबांना परसदारी बसवलं, चहा दिला आणि मग सांगितलं, "सरकारचा हुकूम असंल तर मासं न्या. पर फुटकं डोकं या घरात येणार न्हाई. अन अख्खं डोकं आल्याबगर मासा तळ्याभाईर निघणार न्हाई."

"पण पाटील, माझं काम डोक्यातच आहे," साहेब म्हणाले.

"कावून? डोक्यात काय ठिवलंय?"

तेव्हा साहेबांनी समजावून सांगितलं. गोदावरीतला हा मोठ्या खवल्यांचा मासा तळ्यात सोडला तर वाढतो, पोसतो. आषाढात मादीचं पोट अंड्यांनी टच्च भरतं. पण तळ्यात ती अंडी टाकत नाही. दिवाळीपर्यंत पोटातच जिरून जातात. नदीला पूर येतो, पाणी धावतं, तेव्हा तिच्या मेंदूखालची ही गाठ रस सोडते. तो रस रक्तातून अंडाशयात जातो आणि सांगतो, पिकव आता, सोड आता. तळ्यात पूर नाही, म्हणून गाठीत रस साठून राहतो आणि सुटत नाही. "म्हणून मी चार माशांच्या गाठी काढतो, खलतो आणि सुईने पाचव्या माशाला टोचतो. पाण्याने जो हुकूम द्यायचा तो आपण द्यायचा. ब्राझील मुल्कात करून बघितलंय लोकांनी."

"म्हंजी मासा वांझ न्हाई?"

हा आवाज दाराआडून आला होता. सगळ्यांनी वळून पाहिलं. पदर कपाळाखाली ओढून तुळजाबाई उभी होती. अर्जुनरावांची बायको. परक्या पुरुषासमोर ती बोलत नसे, घरातल्या पुरुषासमोरही कमीच बोले.

साहेब म्हणाले, "अजिबात नाही, बाई. मादीच्या पोटात सगळं काही असतं. दोष तिचा नाहीच."

तुळजाबाईने एवढा प्रश्न का विचारला हे गावात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तिच्या लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. तिची सासू केसरबाई. या केसरबाईने सुनेला काय काय पाजलं नाही? वैदूच्या मुळ्या पाजल्या, उंबराची साल उकळून पाजली, राक्षसभुवनला शनीच्या वाऱ्या करायला लावल्या, चाळीस शनिवार ओल्या लुगड्याने. अर्जुनराव मात्र कुठेच गेले नव्हते. त्यांना कशाला जावं लागतंय? मिशीवर ताव आहे, आवाज आहे, पटक्याला तुरा आहे, अजून पुरुषात काय तपासायचं असतं?

आणि आता शिरूरच्या सुंदररावांची धाकटी लेक छबू हिच्याशी त्यांची सोयरीक बोलणीत होती. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. छबू चौदा-पंधराची. थोरलीला घरातून कुणी काढणार नव्हतं, काढायची गरजच काय? चूल तिने फुंकायची, शेणगोठा तिने बघायचा आणि धाकटीचं बाळंतपणही तिनेच करायचं. वांझेचं नशीब म्हणजे काय, ते आमच्याकडे सगळ्यांना पाठ असतं.

तर त्या दिवशी परसदारी, साहेबांच्या देखत, तुळजाबाई नवऱ्याला म्हणाली, "माझं येक ऐका. साहेबाला डोकी फोडू द्या. तळ्यातली मासळी याली, तर सोयरीक थांबवा. मला औरंगाबादेच्या डाक्तरीणबाईकडं न्या. दोघंबी जाऊ. न्हाई याली, तर म्या काई बोलणार न्हाई. छबूला म्याच ववाळून घरात घेईन."

केसरबाई फणकारली, "लाज हाय का ग? परक्या माणसापुढं आपलं गाऱ्हाणं?"

पण अर्जुनराव हसले. त्यांना मजा वाटली. त्यांच्या आज्याच्या काळापासून त्या तळ्यात मासा व्यालेला कुणी पाहिला नव्हता. पोतं रिकामं आहे हे माहीत असलेला माणूस ते दान करायला लगेच तयार होतो. ते म्हणाले, "जा, दिला शब्द. मासा याला तर सोयरीक मोडली. पाटलाचा शब्द हाय. फोडा साहेब, किती डोकी फोडायची ती फोडा."

दुसऱ्या दिवशी चावडीवर त्यांनी स्वतःच हे सांगितलं आणि लोकांना हसवलं. त्यामुळे सगळ्या गावाला कळलं. तुळजाबाईचा संसार आता तळ्यातल्या मासळीच्या पोटाला बांधला गेला होता आणि गाव त्याच्यावर टाळ्या देत होतं.

मग रोज डोकी फुटू लागली. साहेब परसदारीच येत, कारण फुटकं का होईना, डोकं पाटलाच्याच घरी उघडायचं असा मधला मार्ग निघाला होता. गाठ निघाली की कुपीत स्पिरिटात जाई. उरलेलं डोकं तुळजाबाई कालवणात घाली. केसरबाईने एकदा हळूच विचारलं, "साहेब, ती गाठ सुनंला गिळाय दिली तर?" साहेब म्हणाले, "आजी, उपयोग नाही. पोटात गेली की वरणासारखी पचून जाईल. आणि माशाचा रस माणसाला लागू पडत नाही." केसरबाईचा विश्वास बसला नाही, पण कुपी साहेबांच्या खिशात असे, म्हणून म्हातारीचा इलाज चालला नाही.

तुळजाबाई मात्र आशेला लागली होती. इतक्या वर्षांत तिला कुणीतरी पहिल्यांदाच सांगितलं होतं की पोट भरलेलं असूनही बाई रिकामी दिसू शकते. ती भाकऱ्या थापताना गुणगुणू लागली. शेजारच्या साखराबाईने टोकलं, "काय ग, लई खुशीत?" तर म्हणाली, "माझी मासळी याणार हाय." वेडीच म्हणायची. पण आशेला काय, चतकोर भाकरीही पुरते.

आषाढात आभाळ भरून आलं, तळं चढलं, आणि साहेबांनी दिवस ठरवला. पाण्यात बांबू रोवून बारीक कापडाची मच्छरदाणीसारखी चौकट बांधली, म्हणजे अंडी पडली तर आतच राहतील. दिवस मावळायला शहादेवने दोन माद्या आणि चार नर धरून आणले. पाळीवर जत्रा जमली. पुरुष पुढे, बाया मागे बाभळीखाली. तुळजाबाई त्यांच्यात.

साहेबांनी गाठी खलात घोटल्या, मिठाच्या पाण्यात कालवल्या, पिचकारीत भरल्या. शहादेवने ओल्या फडक्यात पहिली मादी धरली. शेपटीच्या वरच्या अंगाला, खवल्याच्या आत सुई गेली. मग दुसरी. दोघींना चौकटीत सोडलं. लोक मान उंच करून बघत होते.

मग साहेबांनी एका नराच्या पोटावर बोट दाबून बघितलं. काहीच आलं नाही. दुसऱ्याचं बघितलं. तिसऱ्याचं, चौथ्याचं. ते शहादेवला म्हणाले, "तयार नर असला तर दाबल्यावर दूध, म्हणजे त्याचं बीज, येतं. यांचं येत नाही. यांनाही थोडा डोस द्यावा लागेल. धर त्याला."

"थांबा," अर्जुनराव म्हणाले. "कुणाला डोस?"

"नराला."

"नराला? कावून?"

"पाटील, नराला पण तोच रस लागतो. तळ्यात त्याचंही अडलेलंच असतं. मादीने अंडी टाकली आणि नराने दूध सोडलं नाही, तर..."

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही, कारण लोक हसू लागले होते. कुणीतरी मागून ओरडलं, "आरं बाबा, नराला बी सुई! आता बोकडाला बी टोचा बे!" आणि मग कुणीतरी, मला नाव माहीत आहे पण घेत नाही, हळूच पण ऐकू जाईल असं म्हणालं, "पाटलाच्या तळ्यातला नर बी कमजोर निघाला म्हना की."

अर्जुनरावांचा चेहरा बदलला. हसणं विझलं. ते पाण्याच्या कडेपर्यंत गेले आणि म्हणाले, "साहेब, माझ्या तळ्यातल्या नराला सुई टोचायची न्हाई. खोट मादीत असती. तिला टोचली, बास झालं. नर चांगला हातभर हाय, दिसत न्हाई का तुमाला?"

"पाटील, हातभर असून चालत नाही."

"न्हाई म्हनलं ना!"

साहेबांनी पिचकारीकडे पाहिलं, पाटलाकडे पाहिलं. तो माणूस शिकलेला होता, सगळं त्याला कळत होतं. पण पुढच्या डोक्यांसाठी त्याला पाटील लागणार होता, आणि राहुटी पाटलाच्या पाळीवर होती. "बघू," ते म्हणाले, "मादीच्या संगतीने कदाचित नर तयार होतील. कधी कधी होतात." आणि त्यांनी नर तसेच, सुईवाचून, चौकटीत सोडून दिले.

माझा राग अर्जुनरावांवर आहेच. पण त्या साहेबावर काकणभर जास्त आहे. पाटलाला ठाऊक नव्हतं. साहेबाला ठाऊक होतं.

बाभळीखाली तुळजाबाई साखराबाईला एवढंच म्हणाली, "नराला बी द्याय पायजे हुती. साहेबानं सांगितलं ना." साखराबाईने तिला कोपराने ढोसलं आणि गप्प केलं.

सकाळी शहादेव ओरडतच गावात आला. "याली! याली! मासळी याली!"

अख्खं गाव पाळीवर. चौकटीच्या कापडावर, पाण्याच्या खाली, अंडीच अंडी. काचेच्या मण्यांसारखी, फुगलेली, ओंजळीने उचलावी इतकी. दोन्ही माद्यांची पोटं खपाटीला गेली होती. आमच्या गावाने असं कधी पाहिलं नव्हतं. केसरबाईने नारळ फोडला. म्हातारी एवढी हरखली की तिने अंडी बघून आपसूक हात जोडले. अर्जुनराव गोंधळले, पण माणसांपुढे मोठेपणा घ्यायची संधी ते कशी सोडतील? त्यांनी साखर वाटायला लावली आणि म्हणाले, "पाटलाचा शब्द हाय. शिरूरला सांगावा धाडतो."

तुळजाबाई पाण्यात गुडघाभर उतरली होती. लुगडं भिजत होतं, तिला शुद्ध नव्हती. ती रडत होती आणि हसत होती. तिने चौकटीतल्या मादीकडे बघून म्हटलं, "बाई, तू माझी लाज राखलीस." मला ते अजून आठवतं.

दुपार झाली. ऊन-सावली चालली होती. साहेब चौकटीपाशी वाकून बसले होते. सकाळची काचेसारखी अंडी आता दुधाळ होत होती. एक, दहा, मग सगळीच. शिजवलेल्या साबुदाण्यासारखी पांढरी पडली आणि तळाशी बसली. तिसऱ्या प्रहराला वास सुटला.

पाळीवर पुन्हा लोक जमले, पण या वेळी साखर नव्हती.

"काय झालं?" अर्जुनरावांनी विचारलं.

साहेबांनी चारही नर परत दाबून बघितले. थेंब नाही. ते उठले, हात पुसले आणि म्हणाले, "मादीने आपलं काम चोख केलं, पाटील. नराकडून काही आलंच नाही. त्यामुळे अंडी मेली."

पाण्यावर एक बगळा उतरला.

आणि तुळजाबाई बाभळीखालून पुढे आली. बायांच्या घोळक्यातून, पुरुषांच्या घोळक्यातून, थेट पाण्यापर्यंत. पदर डोक्यावर होता, पण कपाळाच्या वर. ती नवऱ्याला म्हणाली, "ऐकलं का? मादीनं आपलं काम केलं. आता औरंगाबादेला चला. दोघंबी."

तिने 'दोघंबी' वर जोर दिला. तेवढंच. पण पाळीवर असा एक माणूस नव्हता ज्याला ते समजलं नाही. मागे कुणाला तरी हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात दडवलं.

अर्जुनरावांनी हात उगारला नाही. ते वाईट होतं, कारण उगारला असता तर निदान चारजण मध्ये पडले असते. ते साहेबांकडे वळले आणि फार हळू म्हणाले, "साहेब, नीट इचार करून सांगा. नर खोटा हाय, का मादीची अंडीच नासकी हुती?"

साहेबांनी पाटलाच्या तोंडाकडे पाहिलं. मग तुळजाबाईकडे. तिचे डोळे त्यांच्यावर खिळले होते. या माणसाने एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते वाक्य त्याचं आत्ताच बोलून झालं होतं. फक्त परत म्हणायचं होतं.

"सांगता येत नाही," साहेब म्हणाले. "पाण्याचाही काही असर असेल. कधी कधी अंडीही कच्ची असतात."

"बघा!" अर्जुनराव लोकांकडे वळून म्हणाले. "अंडीच कच्ची. म्या कालच म्हनलं हुतं, खोट मादीत असती."

आणि गावाने मान डोलावली. काल हसलेल्यांनीही डोलावली. चोर सोडून संन्याशाला सुळी, हे आमच्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही. केसरबाई तर उलटी सुनेवरच फिरली. म्हणे, "पांढऱ्या पायाची तू पाण्यात उतरलीस, म्हणून नासली." तुळजाबाई साहेबांकडे बघत राहिली, साहेब पिचकारी धुवत राहिले. दोन दिवसांनी राहुटी उठली. जाताना त्यांनी पाटलीणबाईंना सलाम सांगितला असं शहादेव म्हणतो. त्या सलामाचं काय करायचं?

शब्दाचं काय झालं, हे विचारू नका. चावडीवर पंचांनी सोडवलं ते. मासळी याली खरी, पण जगलं काही नाही, तेव्हा ती याली असं धरायचं नाही. म्हणजे शब्दही मोडला नाही आणि सोयरीकही नाही.

श्रावण संपला की सुपारी, भाद्रपद गेला की साखरपुडा, आणि तुळशीचं लग्न लागलं तसं छबूचंही लागलं. वऱ्हाड शिरूरहून छकड्यांनी आलं. ओटी भरायला लेकुरवाळ्या बाया बसल्या, तुळजाबाईला तिथे जागा नव्हती. हळद लावायलाही नव्हती. ती चुलीपुढे होती, लग्नाच्या भाकरीचं पीठ तिच्या कोपरापर्यंत माखलं होतं. पण घरात आल्यावर धाकटीने थोरलीच्या पाया पडायचं असतं आणि थोरलीने तोंड भरून आशीर्वाद द्यायचा असतो. तो रिवाज कुणाला टाळता येत नाही. तिला बाहेर बोलावलं.

छबू वाकली. हळदीने पिवळी झालेली, मुंडावळ्या सुटायला आलेल्या, नवं लुगडं पायात अडकतंय. सगळे थांबले. 'लेकुरवाळी हो' एवढे दोन शब्द ऐकायला केसरबाई कान टवकारून उभी होती. अर्जुनराव दारात होते.

तुळजाबाईने पीठ लागलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला. म्हणाली, "पोरी, तुझ्यात काई खोट न्हाई. हे ध्यानात ठिव."

छबूने मान वर केली. तिला नवल वाटलं. लग्नघरात असं कुणी बोलतं का? "कोण म्हनलं," तिने विचारलं, "माझ्यात खोट हाय म्हनून?"

"अजून कुणी न्हाई," तुळजाबाई म्हणाली. "म्हनतील."